माणसांमागोमाग गेलेला मतदारसंघ

मनीऑर्डरच्या फॉर्मला खालच्या बाजूला एक अरुंद पट्टी असायची, निरोपासाठी. पोस्टमन पडवीत टेकायचा, नोटा दोनदा मोजून हातात ठेवायचा, अंगठा किंवा सही घ्यायचा आणि ती पट्टी फाडून द्यायचा. भात झोडून झालं का, म्हातारीचं औषध आणलं का, शिमग्याला रजा मिळत नाही, गणपतीला नक्की येतो, एवढंच त्यावर मावायचं. वाचता येत नसेल तर पोस्टमनच वाचून दाखवायचा, आणि मग ती पट्टी तुळईच्या खिळ्याला अडकवलेल्या तारेत आधीच्या पट्ट्यांवर जाऊन बसायची. पाठवणारा परळ-लालबागच्या खोलीत दहाजणांत राहायचा. पैसे घेणारी त्याची बायको किंवा आई असायची, आणि घर तीच चालवायची.

राजापूर लोकसभा मतदारसंघ या पट्टीवर जगणाऱ्या घरांचा होता. १९५७ साली त्यानं पहिला खासदार निवडला आणि २००८ साली तो संपला. पन्नास वर्षांच्या या आयुष्यातली पहिली चौतीस वर्षं त्यानं फक्त दोन माणसांना दिल्लीला पाठवलं, आणि दोघंही विरोधी बाकांवरून देशाला ऐकायला लावणारे निघाले. गरीब, रस्ते नसलेल्या, कर्ते पुरुष परगावी असलेल्या मुलखानं हे करून दाखवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. तो मतदारसंघ का गेला, हे कळायचं तर ही माणसं गाव सोडून कुठे गेली हेही पाहायला हवं.

नावाचीच गोष्ट आधी. राजापूर हे जुनं बंदर. शिवाजी महाराजांनी १६६१ साली इथली इंग्रजांची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनला कैद केलं, तेही इथलंच. पण मतदारसंघाच्या नकाशात हे गाव उत्तरेच्या अंगाला होतं. त्याचा बराचसा पसारा दक्षिणेला: देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, आणि पुढे थेट गोव्याची वेस. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत या भागाला दक्षिण रत्नागिरी म्हणत. तेव्हा काँग्रेसचे मोरेश्वर दिनकर जोशी निवडून आले होते. सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ला.

१९५७ साली मतदारसंघाला राजापूर हे नाव मिळालं, आणि त्या वर्षीची हवा संयुक्त महाराष्ट्राची होती. मुंबईसह महाराष्ट्र झाला पाहिजे, हा प्रश्न कोकणात तर चुलीपर्यंत पोचलेला होता, कारण मुंबई म्हणजे मनीऑर्डर. मुंबई महाराष्ट्रात नसेल तर आपला माणूस परमुलखात नोकरी करतो असं झालं असतं. या लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै उभे राहिले आणि जिंकले. वय चौतीस. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२चा. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंग भोगलेले, नंतर लंडनला जाऊन बॅरिस्टर झालेले, समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलेले, पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. एवढं जग पाहिलेला माणूस मतं मागायला आला तो बोटीनं, होडीनं आणि पायवाटांनी.

बोटीचं सांगायला हवं, कारण या मतदारसंघाचा हमरस्ता म्हणजे समुद्र. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि किनाऱ्यावरून होड्या तिला भिडायच्या. ट्रंका, फणस, कोंबड्या, कडेवरची पोरं, सगळं हेलकावणाऱ्या होडीतून वर चढवायचं. पावसाळ्याचे चार महिने ही वाहतूक बंद. मग उरायचा घाटातून आणि साकवांवरून जाणारा लांबचा रस्ता. उमेदवारालाही याच वाटा होत्या.

प्रचाराची दुसरी अर्धी बाजू मुंबईत चालायची. प्रत्येक गावाचं मंडळ, प्रत्येक मंडळाची खोली. गिरणीची पाळी सुटल्यावर तिथे बैठक बसायची आणि कुणाला मत द्यायचं याची चर्चा तिथेच व्हायची. मग निरोप गावी जायचा. निरोप पाठवणारा पुरुष असला तरी मतदान केंद्रावर जाऊन शिक्का मारणारी बाई असायची. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे बायकांची संख्या कायम हजाराच्या वर राहिली. २००१च्या जनगणनेत ती ११३६ होती, सिंधुदुर्गात १०७९, आणि साऱ्या महाराष्ट्राची सरासरी ९२२. आकडे २००१चे असले तरी चित्र जुनं आहे. डोंगर उतरून, नदी ओलांडून केंद्रापर्यंत आलेल्या रांगेत नऊवारीच जास्त. त्यांनी नवऱ्याचा निरोप किती पाळला आणि स्वतःचं किती ऐकलं, ते मतपेटीलाच ठाऊक. पण लाटेच्या उलट जाऊन पुन्हा पुन्हा तीच निवड करणारा हा मतदार मुख्यतः कोकणातली बाई होती, आणि या मतदारसंघाच्या इतिहासात तिचं नाव कुणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून गेले. पहिल्या वेळी मतदारसंघाची दक्षिण सीमा ही चक्क परदेशाची सीमा होती. बांद्याच्या पलीकडे पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. गोवा मुक्त व्हायला डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. गोव्याचा प्रश्न दिल्लीत अनेकांना परराष्ट्र धोरणाचा वाटे. इथल्या माणसाला तो नात्याचा होता. पलीकडे मामाचं गाव, पलीकडे कुळाचं देऊळ.

पण नाथ पै यांचं संसदेतलं सगळ्यात मोठं काम वेगळंच आहे, आणि माझ्या मते त्यावर पुरेसं बोललं गेलेलं नाही. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. अकरा न्यायमूर्ती, सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा निकाल. नाथ पै नुकतेच तिसऱ्यांदा निवडून आले होते. काही आठवड्यांतच त्यांनी खाजगी विधेयक मांडलं: घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेकडे असला पाहिजे. त्यांची भूमिका समाजवाद्याची होती. जमीन कसणाऱ्याकडे न्यायची, संपत्तीची वाटणी बदलायची, तर लोकांनी निवडलेल्या सभागृहाचे हात बांधून कसं चालेल? कोकणात खोतीच्या जाचाच्या आठवणी ताज्या असलेल्या घरांतून निवडून आलेल्या माणसाला हे पुस्तकी वाटणं शक्य नव्हतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, सभागृहात गाजलं, विरोधी पक्षांतच त्यावरून दोन तट पडले. ते मंजूर झालं नाही. लोकसभा २७ डिसेंबर १९७० रोजी विसर्जित झाली आणि विधेयकही तिच्याबरोबर गेलं.

त्यानंतर तीन आठवड्यांत नाथ पैही गेले. १७ जानेवारी हा सीमाभागातला हुतात्मा दिन. १९७१च्या त्या दिवशी ते बेळगावात बोलले. हृदयाचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांचं ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १८ जानेवारीला त्यांचं बेळगावातच निधन झालं. वय अठ्ठेचाळीस. निवडणूक दीड महिन्यावर आलेली.

त्यांच्या जागी पक्षानं मधू दंडवते यांना उभं केलं. अहमदनगरचा जन्म, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. कोकणाशी रक्ताचं नातं नाही, गाव नाही, घर नाही. आणि समोर १९७१ची इंदिरा लाट. महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ जागा काँग्रेसनं घेतल्या. प्रजा समाजवादी पक्षाला साऱ्या देशात दोन जागा मिळाल्या, त्यांतली एक राजापूरची. फाल्गुनातली ती निवडणूक नाथ पैंच्या आठवणीवर लढली गेली हे खरं, पण नुसत्या आठवणीवर माणूस एकदाच निवडून येतो. दंडवते पाच वेळा आले: १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९. १९८४ साली तर इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसनं महाराष्ट्रातल्या ४८पैकी ४३ जागा जिंकल्या, तेव्हाही राजापूर उरलेल्या पाचांत होतं.

इथे गोष्ट एक विलक्षण वळण घेते. नाथ पैंनी जे मागितलं होतं, ते त्यांच्या निधनानंतर दहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९७१मध्ये, चोविसाव्या घटनादुरुस्तीनं इंदिरा गांधींच्या सरकारनं प्रत्यक्षात आणलं. १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती मान्य केली, पण सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनेच्या मूळ चौकटीला हात लावता येणार नाही ही मर्यादा घातली. त्यानंतर दोनच वर्षांनी आणीबाणी आली. २६ जून १९७५ रोजी दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला होते. वाजपेयी, अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना तिथेच पकडलं. ते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. दोघं एकमेकांना तुरुंगातून तुरुंगात पत्रं लिहीत राहिले, आणि ती पत्रं आधी अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जायची.

राजापूरचा खासदार गजाआड असताना त्याच्या गैरहजेरीत संसदेनं बेचाळिसावी घटनादुरुस्ती केली. आधीच्या खासदारानं ज्या अधिकारासाठी जिवाचं रान केलं, तो अधिकार या थराला वापरला गेला. नाथ पै असते तर तेही तुरुंगातच असते, याबद्दल मला शंका नाही. लोकांवर त्यांचा विश्वास होता म्हणून त्यांनी संसदेवर टाकला. संसदच लोकांपासून तोडली जाईल, हे त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. पुढे जनता सरकारनं १९७८ साली चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं बरंच काही पूर्ववत केलं, आणि त्या मंत्रिमंडळात दंडवते होते. एकाच मतदारसंघाच्या दोन खासदारांच्या आयुष्यांतून भारतीय घटनेचा हा सगळा वाद जातो. दुसऱ्या कुठल्या मतदारसंघाबद्दल असं सांगता येईल का, मला आठवत नाही.

त्याच बेचाळिसाव्या दुरुस्तीत एक कलम असं होतं, ज्यावर तेव्हा फार कुणी भांडलं नाही. लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघांची फेरआखणी २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवली गेली. १९७१ची लोकसंख्या धरून आखलेला नकाशा गोठला. त्या गोठण्यामुळे राजापूर आणखी तीस वर्षं जगलं.

१९७७ साली तुरुंगातून सुटलेले दंडवते रेल्वेमंत्री झाले. ज्याच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडा नाही, असा रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात तोवर उघड्या लाकडी फळ्या असायच्या. रात्रभराच्या प्रवासात कूस बदलली की हाड फळीला लागायचं. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम घालायला लावला. दोन इंच. पण देशातल्या गरिबाच्या पाठीला झोप लागली ती त्या दोन इंचांमुळे, आणि नंतर कुठल्याही मंत्र्याला ती काढून घेता आली नाही. वर्गभेद नसलेली गीतांजली एक्सप्रेस १९७७ साली त्यांनीच सुरू केली. १९७४च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्यांना परत घेतलं. आणि कोकणासाठी आपटा ते रोहा या मार्गाला मंजुरी मिळवली. नकाशावर तो जेमतेम एक बोटाएवढा तुकडा होता, पण दक्षिणेकडे तोंड करून.

दरम्यान मुंबईत घरं मोडत होती. १८ जानेवारी १९८२ला, नाथ पैंच्या स्मृतिदिनीच, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य कायमचे बाहेर राहिले. खिळ्याच्या तारेत नवी पट्टी पडेना. काही चाकरमानी गावी परतले, भाताच्या दोन तुकड्यांवर किती दिवस निभणार म्हणून पुन्हा निघाले, पण या वेळी परळला नाही. मुलं डोंबिवली, कल्याण, ठाणे, विरारकडे गेली. तिथेच बिऱ्हाड झालं, तिथेच रेशनकार्ड, तिथेच मतदारयादीत नाव. समाजवादी राजकारण ज्या खोल्यांतल्या बैठकांवर उभं होतं, त्या खोल्याच राहिल्या नाहीत. नव्या पिढीच्या चाकरमान्याला शिवसेनेची शाखा आपली वाटली, आणि गणपतीला गावी जाताना तो ती बरोबर घेऊन गेला. १९९० साली मालवणमधून नारायण राणे विधानसभेत गेले, ते या बदलाचंच फळ.

१९८९ साली दंडवते विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे, नियोजन मंडळ रामकृष्ण हेगड्यांकडे. तिघंही पश्चिम किनाऱ्याशी बांधलेले. असा योग पुन्हा येणार नव्हता आणि त्यांनी तो दवडला नाही. रेल्वेच्या अंदाजपत्रकावर विसंबलं तर कोकणची गाडी आणखी एक पिढी येणार नाही, हे ओळखून वेगळं महामंडळच काढायचं ठरलं. १९ जुलै १९९०ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोखे काढून उभा करायचा. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले. १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली. पुढच्या दोन महिन्यांत सरकार पडलं, पण तोवर महामंडळ उभं होतं आणि काम थांबलं नाही.

आणि १९९१ साली, बोगद्यांचं खोदकाम चालू असताना, राजापूरनं दंडवत्यांना पाडलं. लष्करातून आलेले काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, पण अनाकलनीय वाटत नाही. वीस वर्षं दिल्लीत नाव गाजवणारा खासदार असूनही घरातला मुलगा दहावी झाली की गाव सोडतच होता. कारखाना आला नाही, पाणी डोंगरावरून समुद्राला जायचं थांबलं नाही. समाजवाद्यांनी या मुलखाला प्रतिष्ठा दिली, पोटाची सोय त्यांच्याच्यानं झाली नाही. गाडी ही त्यांची खरी देणगी, आणि ती धावेपर्यंत थांबायला मतदार तयार नव्हता. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरांच्या मार्गावरून सलग वाहतूक सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ला.

राजापूरचं शेवटचं पर्व सुरेश प्रभूंचं. शिवसेनेचे, सनदी लेखापाल. १९९६, १९९८, १९९९, २००४ असे चार विजय. पर्यावरण, ऊर्जा अशी खाती त्यांनी सांभाळली. ऊर्जामंत्री म्हणून देशभर कौतुक होत असताना २००२ साली पक्षाच्या आदेशावरून त्यांना राजीनामा द्यावा लागला. हुशार, वाचणारा, आकड्यांत रमणारा खासदार ही राजापूरची जुनी आवड अशी भगव्या झेंड्याखालीही टिकली.

मग गोठलेला नकाशा वितळला. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या मतदारसंघ फेरआखणी आयोगानं २००१ची जनगणना समोर ठेवली. महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर, जागा ४८, म्हणजे एका खासदारामागे साधारण २० लाख माणसं. रत्नागिरीत १६ लाख ९६ हजार, सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार. दोन्ही जिल्हे मिळून हिशेब सव्वा खासदारापर्यंत जात होता. ठाणे जिल्हा मात्र ८१ लाखांवर गेलेला. त्याच्या वाट्याला चार जागा येत होत्या. तोवर त्याला ठाणे आणि डहाणू अशा दोनच होत्या.

फेब्रुवारी २००८मध्ये नवी रचना लागू झाली. राजापूर आणि रत्नागिरी एक होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. ठाण्याला पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे अशा चार जागा मिळाल्या. सगळं नियमानं झालं, कुणी कुणाचं हिसकावलं नाही. राजापूरची माणसं आधीच तिकडे गेली होती, जागा त्यांच्यामागून गेली. पुढच्या जनगणनेत, २०११ला, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटलेली निघाली.

नव्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीत, २००९ साली, काँग्रेसच्या नीलेश राणे यांनी प्रभूंना हरवलं. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१४मध्ये, प्रभू भाजपमध्ये जाऊन देशाचे रेल्वेमंत्री झाले. राजापूरच्या तीन मोठ्या खासदारांपैकी दोघांकडे रेल्वे आली. त्यातल्या दुसऱ्याकडे ती आली तेव्हा राजापूर मतदारसंघ नव्हता, आणि ते राज्यसभेत गेले तेही हरियाणातून.

आता राजापूर हे नाव विधानसभेच्या मतदारसंघाला आहे, आणि रेल्वे स्टेशनाला. राजापूर रोड. गावापासून बरंच लांब, डोंगरात. गणपतीच्या आदल्या दिवशी जादा गाड्या लागतात. राजापूर रोड, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी स्टेशनं येतात तसे डबे रिकामे होत जातात. वर्षभर कुलूप असलेल्या घरांची दारं उघडतात, पडवी सारवली जाते, माटोळी बांधली जाते. गौरी-गणपती बोळवले की उलटी गर्दी सुरू होते. तांदळाची पिशवी, नारळ, म्हातारीनं कागदात बांधून दिलेली कोकमं. गाडी रोहा, पनवेल मागे टाकून दिव्याला लागते, तिथून कुणी कल्याणला, कुणी ठाण्याला, कुणी दादरला. निवडणुकीत ही माणसं तिथेच रांगेत उभी राहतात.